मागची टाच: ताईची आणि इआय एका अंगात नांदतात का?

सुरूबन | रविवार, सकाळी ७:४०

इथे बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी आचऱ्याजवळ राहतो. मुंबईची नोकरी सोडून घरी आलो त्याला सहा वर्षं झाली. येताना दोन नाद बरोबर घेऊन आलो. पहिला ताईची, ही संथ, सलग हालचालींची चिनी युद्धकला; माझी यांग घराण्याची लांब मालिका. अकरा वर्षं झाली. पुण्याच्या एका बाईंकडे शिकलो; त्या आता पंच्याहत्तरीच्या आहेत आणि तुइशौ, म्हणजे जोडीने हातांना हात लावून एकमेकांचा तोल ढळवायचा सराव, खेळताना अजून मला दोन बोटांनी हलवतात. दुसरा नाद इआय. जपानी तलवार म्यानातून काढतानाच पहिला वार करायचा, दुसऱ्यात काम संपवायचं, पातं झटकायचं आणि न बघता परत म्यान करायचं, अशी ती विद्या. हिला चार वर्षं. सर मुंबईला असतात, मी वर्षातून दोनतीनदा जातो, एरवी चित्रफीत पाठवतो आणि शिव्या खातो.

अडचण अशी की हल्ली दोघंही नाराज आहेत. सर म्हणतात, "तुझी तलवार वाहते. वार संपला कुठे तेच दिसत नाही." बाईंनी दिवाळीत भेटल्यावर पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "इथे काठी कोणी घातली?"

मला वाटायचं, एकाने दुसरं आपोआप सुधारेल. दोघांची शिकवण ऐकायला तर सारखीच. खांदे सोड, कोपर खाली, काम कंबरेने कर. बेंबीखालच्या ज्या जागेला चिनी लोक 'दानत्येन' म्हणतात तिलाच जपानी 'तांदेन' म्हणतात, लिहायची अक्षरंही तीच. मग भांडण कुठे आहे?

ते मला परवा वाळूत दिसलं. ओहोटीला तोंडवळीच्या बाजूला ओल्या वाळूवर आधी ताईची केली, मग शेजारीच लाकडी तलवार घेऊन उभ्याने करायच्या इआयच्या काही काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे संच, केल्या. सामान उचलायला वळलो तर माझेच ठसे समोर. ताईचीच्या धनुष्य-पवित्र्यात मागचं पाऊल साधारण ४५ अंशात बाहेर वळलेलं आणि टाच पूर्ण टेकलेली हवी. इआयमध्ये मागचं पाऊल सरळ पुढे, भार चवड्यावर, टाच किंचित उचललेली. माझं काय होतं? इआयच्या ठशात टाच खोल रुतलेली, पाऊल बाहेर फेकलेलं. आणि ताईचीच्या ठशात टाचेचा नुसता पुसट डाग. दोघींनी एकमेकींच्या घरात चोऱ्या केलेल्या!

दोन्ही करणारं किंवा केलेलं कोणी आहे का इथे? एक सोडावं का?

वाचनमात्र | ७:५८

जबरी धागा. वाचतोय.

चिऱ्याची_भिंत | ८:३०

राग मानू नका, पण दांडपट्टा, फरीगदका, मल्लखांब हे सगळं घरात असताना चीन-जपान कशाला? समोर सिंधुदुर्ग उभा आहे आणि तुम्ही वाळूत जपानी ठसे मोजताय.

करवीरकन्या | ९:१५

चिऱ्याची_भिंत, मी माहेरी कोल्हापूरला मर्दानी खेळ शिकले, लग्न होऊन देवगडला आले. पट्टा हातात घेतलाय म्हणून बोलते. पट्ट्याची मूठ कोपरापर्यंत हात झाकते. आत आडव्या दांडीला मूठ धरायची की मनगट संपलं, ते वळतच नाही. मग फिरवायचं कशाने? खांदा, कंबर आणि पाय. माझे वस्ताद पहिले दोन महिने पट्टा देतच नव्हते, नुसते पाय घोटून घेतले. सुरूबन जे लिहितायत ते मला अजिबात परकं वाटलं नाही, उलट धागा वाचता वाचता ओटीवर उठून दोन पवित्रे करून पाहिले. सासूबाईंनी विचारलं काय झालं म्हणून.

आणि परदेशी म्हणाल तर आपल्या 'फिरंग' तलवारीचं नाव कुठून आलं? युरोपातली सरळ पाती पोर्तुगीज आणि इतर व्यापाऱ्यांच्या गलबतांतून याच पश्चिम किनाऱ्यावर उतरायची, त्यांना आपली मूठ बसायची. तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही.

चिऱ्याची_भिंत | ९:२२

बरं बाई, हरलो. पण मूठ आपली होती हे विसरू नका.

जुनं_बाड | ११:०५

चीन आणि जपानच्या तलवारींचा संबंध नवा नाही, आणि तो जुळला तोही किनाऱ्यावरच, म्हणून थोडं लांब लिहितो.

१६व्या शतकात चीनच्या पूर्व किनाऱ्यावर 'वोकौ' चाच्यांनी उच्छाद मांडला होता. नावाचा अर्थ जपानी चाचे, प्रत्यक्षात त्या शतकात त्यांच्यात चिनीच जास्त. पण त्यांच्यातल्या जपान्यांची लांब, दोन हाती तलवार चिनी सैनिकांना भारी पडायची. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्यांतला मोठा सेनापती चि जिग्वांग (१५२८–१५८८). १५६१च्या मोहिमेत त्याच्या हाती कागे-र्यू या जपानी तलवार-घराण्याचं बाड लागलं. त्याने ते फेकलं नाही. अभ्यासलं, त्यातली चित्रं आपल्या ग्रंथात घेतली आणि लांब तलवार आपल्या सैनिकांच्या हातात दिली.

आता गंमत पाहा. याच चि जिग्वांगने मुष्टियुद्धाचं एक प्रकरण लिहिलं, त्यात ३२ पवित्रे आहेत. हनान प्रांतातल्या चेन गावची ताईची, म्हणजे जिच्यातून यांग घराण्याची ताईची निघाली ती, तिच्यात त्यातली बरीच नावं जशीच्या तशी सापडतात. म्हणजे सुरूबन यांच्या दोन्ही नादांचे कागद एकदा एकाच माणसाच्या हाताखालून गेलेत.

दुसरा किस्सा विसाव्या शतकातला. सावाई केनिची (१९०३–१९८८) हा जपानी, जूदो आणि तलवार दोन्ही केलेला. बीजिंगमध्ये तो यीछ्वान या चिनी युद्धकलेचे संस्थापक वांग शियांगझाय (१८८५–१९६३) यांना भिडला. रिकाम्या हाती हरला. मग म्हणाला, तलवारीचा डाव खेळू. तिथेही हरला, वांग यांच्या हातात नुसती काठी. हे सावाईनेच सांगितलेलं आहे, स्वतःच्या पराभवाचं. पुढे तो त्यांचा शिष्य झाला, झाडासारखं तासन्तास उभं राहायला शिकला आणि जपानला परतल्यावर 'ताइकीकेन' काढलं. तोक्योत मेइजी देवळाच्या झाडीत तो शिष्यांना शिकवायचा.

हे वाचून लगेच 'म्हणजे दोन्ही मिसळतात' असा निष्कर्ष काढू नये. सावाईने मिसळण्याआधी स्वतःचं सगळं खाली ठेवलं होतं.

सुरूबन | ११:४०

बाड, दंडवत! बाईंच्या तोंडून वांग यांचं नाव ऐकलं होतं, सावाईचा किस्सा नव्हता.

निळा_हाकामा | दुपारी २:१०

मी मूळची गुहागरची, आता ठाण्यात. इआय पंधरा वर्षं, ताईचीची फक्त तोंडओळख. स्पष्ट लिहू का?

दोन्हीकडे 'कंबरेने कर' म्हणतात, पण कंबर जे करते ते वेगळं. ताईचीत जोर टाचेतून निघतो, पायातून चढतो, कंबर त्याला दिशा देते आणि तो बोटांत उमटतो. त्या वाटेत टाच म्हणजे विहिरीचा तळ. ती उचलली की पाणीच नाही. म्हणून तुमच्या बाई टाचेसाठी जीव टाकत असणार.

इआयमध्ये कंबर वळत नाही, ती जाते. समोर, सगळी एकदम. बेंबी समोरच्याकडे. मागची टाच दाबलीत की धड मागे राहतं आणि हात एकटेच पुढे जातात. बघणाऱ्याला वाटतं केवढा लांब वार, प्रत्यक्षात समोरचा माणूस एक वीत लांब उभा असतो. पहिल्या वारात डाव्या हाताने म्यान मागे खेचतो ना आपण? तुम्ही तिथे कंबरसुद्धा वळवत असाल. पैजेवर सांगते.

आणि 'तलवार वाहते' याचं कारण हातात शोधा. वरून खाली येणारा वार, टोक आडव्या रेषेच्या किंचित खाली आल्यावर थांबलाच पाहिजे. थांबवायचा तो खांद्याने नाही, तळहातांनी, ओला फडका पिळतात तसा, आणि लगेच सैल. ताईचीत एक हालचाल संपायच्या आत दुसरी सुरू होते, रेशीम उलगडल्यासारखी. तुमचे हात अकरा वर्षं न थांबायला शिकलेत. चार वर्षांत ते कसं बदलेल?

एक सोडू नका. मात्र एकाच दिवशी, एकाच जागी, एकापाठोपाठ तर मुळीच करू नका. आणि अखिल जपान केंदो महासंघाच्या १२ काता करत असाल तर सहा महिने फक्त पहिली करा, वज्रासनात बसून सुरू होणारी 'माए'. वैताग येईल. येऊ दे.

सुरूबन | २:४५

ताई, कंबर वळवतो. पैज जिंकलात. आत्ता खळ्यात जाऊन पाहिलं, म्यान खेचताना बेंबी थेट शेजारच्यांच्या गोठ्याकडे.

बाग्वावाला | संध्याकाळी ५:२०

निळा_हाकामा यांच्याशी अर्धवट सहमत. सुन लुतांग (१८६०–१९३३) यांनी शिंगयी, बाग्वा आणि ताईची या तिन्ही चिनी युद्धकला केल्या आणि त्यातून स्वतःची ताईची घडवली. वेगळं ठेवा, वेगळं ठेवा करत बसले असते तर ती झाली नसती.

निळा_हाकामा | ५:५५

बरोबर. पण शिंगयीत आणि बाग्वात मुरल्यावर, पन्नाशीच्या आसपास ते ताईचीकडे वळले. आणि या तिघी मावसबहिणी आहेत. इआय दुसऱ्या गावची. जपानात 'शु-हा-री' म्हणतात: आधी चौकट पाळ, मग मोड, मग सोड. लोकांना दुसरी पायरी फार लवकर आवडते.

बाग्वावाला | ६:०१

मला पहिल्याच दिवशी आवडली होती. म्हणून वीस वर्षांत कुठलीच नीट आली नाही. पास.

रापणकर | रात्री ८:३०

माका तलवारीतला काय एक कळणा नाय. पण 'हातान नको, कमरेन कर' ह्या वाचून हसाक इला. रापणीक, म्हंजे किनाऱ्यार उभ्यान वडूच्या मोठ्या जाळ्याक, नवीन पोरगो इलो की पयल्या दिवशी हाताच्या जोरान वडता. अर्ध्या तासात हात भरान येतत आणि मगे बसता वाळूत पाणी पीत. जुने जाणते वडतच नाय. पाय रोवन उभे रवतत आणि नुसते मागे कलतत. भार अंगाचो, हात फक्त दोरीक अडकवलेले. टाच वर झाली काय मानूस पुढे गेलो, तोंडार. माझ्या आज्याक कोणी चिनी मास्तर नव्हतो.

सुरूबन | ८:४४

रापणकरांनू, ह्या बाईंका वाचून दाखवतलंय. त्या नेमकं हेच सांगतात: हात दोरी आहेत, ओढणारा मागे आहे. माझ्या अकरा वर्षांच्या फीचं काय करू आता?

गुडघेदुखी | ८:५०

वज्रासनातून उठून वार करणं पंचेचाळिशीनंतर? जांभ्याच्या फरशीवर? माझ्या गुडघ्यांनी हा धागा वाचून राजीनामा दिला. उभ्याने करायच्या काता करा आणि खाली जाडसर काहीतरी घाला. झालं.

खाकीचा_शेजारी | ९:१५

महत्त्वाचं कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. किनाऱ्यावर काय नेता ते जपा. शस्त्र अधिनियम १९५९ आणि २०१६च्या नियमांत तलवार हे धारदार शस्त्र आहे. सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली जे मनाई आदेश निघतात त्यात तलवारीबरोबर काठ्याही येतात. तुमची सरावाची तलवार जस्त-ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची, धार नसलेली असेल, हे तुम्हाला माहीत. पन्नास पावलांवरून बघणाऱ्या पर्यटकाला काय दिसतं? दिसते तलवार. तो फोन काढतो, आधी चित्रफितीसाठी, मग शंभर नंबरला.

सुरूबन | ९:३२

अनुभव आहे. दोन वर्षांपूर्वी लाकडी तलवार घेऊन सुरूच्या बनात होतो, दोन हवालदार आले. मी सांगितलं जपानी विद्या आहे. त्यांतल्या मोठ्या हवालदाराने लाकडी तलवार हातात घेतली, तोलली आणि विचारलं, "खैराची काय?" खैराचीच होती, गावच्या सुताराने रंधून दिलेली. जपानात यासाठी पांढरा ओक वापरतात, खैर त्याहून जड. मनगटाला सोसवत नाही, चुकलंच ते. मग धाकटा म्हणाला, "दशावतारात काम करता काय? आमच्याकडे येत्या जत्रेक राक्षस कमी पडता." सुटलो. धातूची मात्र तेव्हापासून घराबाहेर काढत नाही. बोथट असली तरी टोक खरं आहे, हे माझ्या डाव्या अंगठ्याला विचारा.

नाटकवेडा | ९:५०

अवांतर: राक्षसाचं काम घ्याच. दशावतारातलं युद्ध बघितलंत का नीट? रात्री दोन वाजता, पेटी-मृदंगाच्या लयीवर, चार हात जागेत दोन माणसं लाकडी तलवारी फिरवतात आणि कोणाला लागत नाही. अंतराचा अंदाज म्हणाल तर त्यांच्याकडे शिकायला जा.

करवीरकन्या | ९:५८

+१

लवंगबाग | सोमवार, सकाळी ६:५०

पावसाळ्यात तलवार कशी राखता? बागायतीची हत्यारंच आठ दिवसांत गंजतात इथे.

सुरूबन | ७:३५

माझ्या आवडीचा प्रश्न विचारलात. मिश्रधातूचं पातं गंजत नाही, पण बाकी सगळ्याचे हाल. म्यान लाकडी असतं, जपानी मॅग्नोलियाचं. जुलैत ते दमट हवेने इतकं फुगलं की तलवार निघेना. 'म्यानातून काढतानाच वार' करायच्या विद्येत हे म्हणजे वऱ्हाड दारात आणि नवरदेव मोरीत अडकलेला. जोर लावायचा नसतो, म्यान फाटतं आणि बोटं जातात. तांदळाच्या कणगीशेजारी कोरड्या खोलीत चार दिवस ठेवलं, सैल झालं. मग मार्चमध्ये उलट, इतकं सैल की वाकलो तर तलवार आपणहून बाहेर. म्यानाच्या दोरीवर दर श्रावणात बुरशी.

खऱ्या पोलादी पात्याला जपानात 'चोजी' तेल लावतात. चोजी म्हणजे लवंग! तुमच्या बागेतली. आणि मुठीवर दोरीच्या विणीखाली जे खरखरीत पांढरं कातडं दिसतं ते पाकटाचं. आईने पहिल्यांदा मूठ हातात घेतली तेव्हा नखाने खरवडून म्हणाली, "ह्या पाकट मा? सुकवन खातत ता?" चार वर्षं मी तिला जपान समजावत होतो, तिला ते त्या दिवशी समजलं.

लवंगबाग | ७:४१

लवंग पाठवू का मग? यंदा बरी आलीय.

सुरूबन | पाच आठवड्यांनी, रविवार, सकाळी ९:०५

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

निळा_हाकामा ताईंचं ऐकलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार ताईची, किनाऱ्यावर, ओहोटी बघून. मंगळवार आणि गुरुवार इआय, घरच्या खळ्यात. भात झोडून झालंय, खळं नुकतंच चोपून सारवलेलं होतं, त्यामुळे पाय घसरत नाही आणि टाच रुतत नाही. फक्त 'माए'. गुडघ्याखाली जुनी गोधडी.

पहिले दोन आठवडे दोन्ही बिघडलं. तिसऱ्यात एक गोष्ट लक्षात आली. वाळू टाच मागते. तिथे उभं राहिलं की शरीर आपोआप मागे, खाली बसतं. सारवलेलं खळं काही मागत नाही, तिथे टाच हलकी ठेवणं सोपं जातं. इतके महिने मी दोन्ही एकाच वाळूत करत होतो आणि मनाला दोष देत होतो.

सरांना नवी चित्रफीत पाठवली. उत्तर आलं: "वार थांबला. आता खूप थांबलाय, लाकूड फोडतोयस असं वाटतं. पुढे." यात कौतुक आहे असं मी धरून चाललोय. बाईंना भेटायला फेब्रुवारीत जाईन. पाठीतली काठी गेली की नाही ते त्यांच्या हातालाच कळेल, मला कळत नाही.

मिसळण्याबद्दल: दोन्हीत सामायिक म्हणावं असं मला आत्तापर्यंत एकच सापडलं, खांदे. बाकी सारख्या शब्दांवर मी भाळलो होतो.

निळा_हाकामा | ९:४०

खूप थांबणं चालेल. न थांबण्यापेक्षा ते दुरुस्त करायला सोपं. आता पिळल्यावर सोडायला शिका, फडका पिळून तसाच धरून बसलायत.

जुनं_बाड | १०:१२

'वाळू टाच मागते' हे चि जिग्वांगला कळवायला हवं होतं.

रापणकर | १०:३०

उद्या सोमवार, तुमचो वाळूचो दिस. रापण असा, फाटफटी येवा. दोरी धरूक मानसा कमी पडतत.

सुरूबन | १०:३३

येतंय. किती वाजता?

रापणकर | १०:३४

होडी इली काय. चपला काढून येवा.